खालाच्या डब्यातली काळी माती



गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी बैंगनवाडीला खालाकडे जाणे झाले. गोवंडी स्टेशनला उतरायचे, शेअर रिक्षा पकडायची आणि पुढे दोन गल्ल्या चालायचे. खालाचे घर म्हणजे खाली एक खोली आणि वर पोटमाळा. पण खाला मूळची महाडकडची. दारात चार पाने लावल्याशिवाय तिला करमत नाही. म्हणून उंबऱ्याबाहेरच्या दोन हात जागेत तिने तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले आहेत. त्यात पुदिना, पालक, कोथिंबीर आणि मिरचीची दोन रोपे.

पालक पाहून मी थक्कच झाले. तळहाताएवढी पाने, गर्द हिरवी. मी कुर्ल्यात गॅलरीत चार कुंड्या ठेवून दमले, माझा पालक दोन बोटांच्या वर कधी गेला नाही.

“खाला, खत कोणतं घालतेस?”

“खत कसलं? डंपिंगची माती आहे. समोरचा पोरगा खाडीवर जातो ना, तो गोणी भरून आणून देतो. चाळून काचा, प्लास्टिक काढलं की झालं. तुझ्या विकतच्या लाल मातीत असं काही येतंय का बघ!”

देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला तिकडे ‘डंपिंग’ म्हणतात आणि तिथे भंगार वेचायला जाण्याला ‘खाडीवर जाणे’. खालाची बाग त्या डोंगराच्या मातीवर उभी होती. आम्ही बोलत असतानाच तिच्या दीड वर्षाच्या नातवाने डब्यातली मूठभर माती उचलली आणि सरळ तोंडात घातली. सून धावली, बोट घालून तोंड साफ केले, सगळ्या हसलो. मुले माती खातातच. निघताना खालाने पालकाची जुडी कागदात गुंडाळून दिली. “आज डाळ-पालक कर,” म्हणाली.

ती जुडी त्या रात्री माझ्या ओट्यावर तशीच पडून राहिली. शिजवायला हात होईना आणि खालाने प्रेमाने दिलेली भाजी फेकायलाही होईना. या सदरासाठी गेले काही महिने मी कचरा आणि माती या विषयावर वाचत होते. वाचलेले सगळे त्या जुडीभोवती गोळा झाले. आज तेच तुम्हाला सांगायचे आहे.

डोंगर आला कुठून?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घाणीमुळे रोगराई पसरते, कचरा शहरापासून लांब नेला पाहिजे, हा विचार त्यानंतर जोर धरू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ल्याहून चेंबूरकडे कचरा नेण्यासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला. आज आपण ज्या हार्बर मार्गाच्या गाडीने प्रवास करतो, तिचा कुर्ला-चेंबूर हा तुकडा मुळात कचऱ्यासाठी होता. १९२४ मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचे मानले जाते. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे ठाणे खाडीच्या काठच्या त्या दलदलीत या शहराने आपला केर ओतला. जागा तीनशे एकरांहून मोठी आणि ढिगाची उंची काही ठिकाणी पंधरा-अठरा मजली इमारतीएवढी झाली. आता मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, पण जुना डोंगर तिथेच आहे.

त्याच्या पायथ्याशी शिवाजीनगर आणि बैंगनवाडी १९७० च्या दशकात वसली. शहराच्या इतर भागांतल्या झोपड्या उठवून माणसांना इकडे आणून सोडले गेले. आपल्या समाजाची फार मोठी वस्ती या भागात आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. २०१६ च्या जानेवारीअखेर डोंगराला मोठी आग लागली. अनेक दिवस धूर कोंडला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. तेव्हा वर्तमानपत्रांची पाने धुराने भरली होती. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून त्यावर बोलणे होते. जमिनीत मुरणारे काही दिसत नाही आणि झोंबतही नाही, म्हणून ते बोलण्यात येत नाही.

मातीत विष उतरते कसे?

कचऱ्याच्या ढिगात काय असते ते आपल्या स्वयंपाकघरातून पाहू. भाजीची देठे, उरलेला भात, चहाचा चोथा, मांस-मच्छीचे टाकाऊ तुकडे, हा ओला कचरा. त्याच पिशवीत रिमोटचे संपलेले सेल, फुटलेला सीएफएल दिवा, रंगाचा डबा, मुदत संपलेल्या गोळ्या, तुटलेला चार्जर, जुन्या चपलेचे कातडे.

यातला ओला कचरा एकटा असता, त्याला हवा मिळाली असती, तर त्याचे उत्तम खत झाले असते. पण ढिगात तो दाबला जातो. हवा मिळत नाही. मग तो आंबतो आणि सुरुवातीला त्यातून आंबट द्रव सुटतो, लोणच्याच्या बरणीत सुटतो तसा. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवू नये, त्याला कळकतो, हे आपल्या आज्या-नान्यांनी आपल्याला शिकवले आहे. तेच इथे घडते. हा आंबट द्रव सेलमधले, रंगातले, तारांमधले धातू विरघळवून घेतो. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, पारा. वरून पावसाचे पाणी पडते आणि सगळे मिळून चहाच्या काढ्यासारखे काळे पाणी ढिगाच्या तळातून झिरपू लागते.

आजच्या नियमाप्रमाणे कचरा टाकण्याची जागा तयार करायची तर आधी तळाला चिकणमातीचा आणि जाड प्लास्टिकचा थर द्यावा लागतो, काळे पाणी गोळा करून शुद्ध करावे लागते. शंभर वर्षांपूर्वी दलदलीत ओतलेल्या कचऱ्याखाली असे अंथरूण कोण घालणार? ते पाणी थेट जमिनीत गेले, काही खाडीत गेले.

आता मातीचा स्वभाव पाहा. सेंद्रिय घाण माती पचवते. पान, फळ, मेलेले जनावर, सारे काही वर्षांत ती स्वतःसारखे करून टाकते. पण धातू तिला पचत नाही. धातू कुजत नाही, जळत नाही, त्याचे दुसरे काही होत नाही. शिसे मातीच्या वरच्या काही इंचांत चिकटून बसते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. कॅडमियम थोडे चंचल. ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढते आणि पानांत साठते. पालेभाज्या ते विशेष ओढून घेतात आणि त्यात पालक आघाडीवर.

मग खालाचा पालक एवढा टवटवीत कसा? कारण त्या काळ्या मातीत कुजलेल्या अन्नाचे नत्र भरपूर आहे. झाडाला ते हवेच असते. जोडीला आलेला धातू त्या प्रमाणात झाडाला सोसतो आणि पानांच्या रंगात, चवीत, वासात त्याची खूण दिसत नाही. हिरवेगार पान पाहून माती निरोगी आहे असे समजणे, हीच आपली चूक होते. खालाची झाली. माझीही झाली होती.

ढीग पेटतो किंवा तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, तेव्हा दुसरी वाट उघडते. प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ती राखेबरोबर आसपासच्या जमिनीवर बसतात. त्या जमिनीवर चरणाऱ्या शेळीच्या दुधात आणि माती टोचणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ती चरबीबरोबर जमा होतात.

कुणाच्या अंगात जाते?

सर्वांत आधी मुलांच्या. मुले जमिनीवर रांगतात, बोटे तोंडात घालतात, माती चाखतात. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग रक्तात उतरतो, त्याच्या चार-पाच पट मुलांच्या रक्तात उतरू शकतो. शिसे वाढत्या मेंदूला इजा करते. मूल लक्ष देत नाही, अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, अंगात रक्त कमी राहते. आपण म्हणतो, “पोरगं मठ्ठ आहे,” नाहीतर शिक्षकांना दोष देतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

दुसऱ्या आपण बायका. शिसे हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणी बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागते, तेव्हा त्याबरोबर हे जुने शिसेही निघते आणि बाळापर्यंत पोचते. लहानपणी ज्या अंगणात खेळलो, त्या अंगणाची माती अशी पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि एकदा आत गेले की त्यातले निम्मे बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षे घेते.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. एक जुडी पालक खाल्ल्याने कुणी आजारी पडत नाही. धोका रोजच्या थोड्या-थोड्याचा आहे, वर्षानुवर्षे साचणाऱ्याचा.

खालाचा प्रश्न

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा बैंगनवाडीला गेले. पालक शिजवला नव्हता, हे सांगताना तोंड कोरडे पडले. खालाने सगळे ऐकून घेतले. सुनेने नातवाला कडेवर घेतले आणि डब्यांपासून दोन पावले मागे सरकली. खाला मात्र जागची हलली नाही.

“चाळीस वर्षं झाली मला इथे लग्न होऊन येऊन,” ती म्हणाली. “ह्या घराची जमीनसुद्धा भराव टाकूनच केली. खाली खणलं तर पिशव्या निघतात. आता कुठे जाऊ मी? आणि एक सांग. ही घाण आमच्या घरातली आहे का? आमच्याकडे टाकायला असतंच काय? ती आली कुठून?”

मला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर मला माहीत होते. ती कुर्ल्याहून आली. दादर, वांद्रे, कुलाब्याहून आली. माझे लग्न झाले त्या वर्षीच्या ट्यूबलाइटी, माझ्या मुलांच्या खेळण्यांतले सेल, घराला रंग दिला तेव्हाचे रिकामे डबे, सगळे मी काळ्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवले होते. सकाळी पिशवी नाहीशी झालेली असायची. मी म्हणायचे, कचरा गेला. तो गेला नव्हता. तो खालाच्या गल्लीमागे जाऊन बसला होता आणि तिथून गोणीत भरून तिच्या तेलाच्या डब्यात आला होता.

आपल्या घरात ‘पाक’ या शब्दाला मोठा मान आहे. कपडे पाक हवेत, जागा पाक हवी. पाणी मिळाले नाही तर आपण मातीने तयम्मुम करतो, कारण आपल्या दीनमध्ये माती मुळात पाक मानली आहे, पाण्याची जागा घेण्याइतकी. आणि ज्या मातीवर हात मारून आपण स्वतःला पाक समजतो, शेवटी जिच्या हवाली आपल्याला केले जाते, तिच्यात आपण काय मिसळतो याचा विचार घरातला केर काढताना आपल्या मनात क्वचितच येतो. आपली स्वच्छता उंबऱ्याशी संपते.

गावाकडच्या भगिनींसाठी

हा मुंबईचा प्रश्न आहे असे समजू नका. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही शेतीची गावे. पुणे शहराचा कचरा डेपो तिथे १६३ एकरांवर पसरला. आसपासच्या विहिरींचे पाणी बिघडले, गावांना टँकरवर दिवस काढावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. आज प्रत्येक नगरपालिकेचा असा एक डेपो गावाबाहेर, बहुधा ओढ्याकाठी असतो. आणि डेपोच्या पलीकडे कुणाचे तरी भाजीचे वावर असते, कुणाची तरी विहीर असते.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांनी लक्षात ठेवावी. ‘कचऱ्यापासून केलेले खत’ म्हणून जे मिळते, ते वेगळ्या काढलेल्या ओल्या कचऱ्याचे आहे की मिसळलेल्या कचऱ्यातून चाळून काढलेले, हे विचारून घ्या. शहरी कचऱ्याच्या खतासाठी सरकारी मानके आहेत. एक किलो खतात शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा, कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. एका सीएफएल दिव्यात साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. त्यातला बराचसा फुटताक्षणी हवेत उडतो हे खरे, पण ३ मिलिग्रॅम पारा सगळाच खतात उतरला तर तो एकटा २० किलो खताला मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. एका पिशवीत एक दिवा टाकणे किती महागात पडू शकते, ते यावरून समजावे.

जुने डोंगर उकरून, चाळून जागा मोकळी करण्याचे कामही आता ठिकठिकाणी चालू आहे. काम चांगले आहे. पण चाळणीखाली जी बारीक काळी माती उरते, ती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय शेतात, बागेत किंवा शाळेच्या मैदानात पसरू देऊ नका. ती दिसायला खालाच्या डब्यातल्या मातीसारखीच सुंदर असते.

डोंगर नीट बंद करता येतो, हेही पाहिलेले आहे. बोरिवलीजवळचे गोराईचे डंपिंग १९७२ पासून चालू होते. ते २००७ मध्ये बंद केले गेले. ढीग सारखा केला, त्यावर पाणी न झिरपणारे आवरण घातले, आतला वायू काढण्यासाठी विहिरी घेतल्या, वर हिरवळ लावली. खालची माती त्याने शुद्ध झाली नाही, पण पावसाचे पाणी आत जाणे थांबले आणि विष पसरणे कमी झाले. देवनारची माणसेही यापेक्षा कमी मागत नाहीत.

आपल्या हातात काय आहे?

मोठे काम पालिकेचे आणि सरकारचे आहे, ते त्यांच्याकडून करून घेतलेच पाहिजे. पण डोंगरावर रोज नवे विष चढते ते आपल्या ओट्यावरून. म्हणून काही गोष्टी.

पहिली गोष्ट, ओला कचरा वेगळा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले होते. ओला का वेगळा, हे आता कळले असेल. आंबट पाणी त्याच्यातून सुटते. ओला कचरा ढिगात गेलाच नाही तर सुक्यातले धातू विरघळवायला फारसे कुणी उरत नाही. जमेल त्यांनी घरीच खत करावे. झाकणाच्या बादलीला खाली-वर भोके पाडा, खाली नारळाच्या शेंड्या, वर रोजची देठे-साले आणि प्रत्येक थरावर वाळलेली पाने किंवा भुसा. शिजवलेले अन्न आणि हाडे यात घालू नका, वास सुटतो. दीड-दोन महिन्यांत खत तयार.

दुसरी गोष्ट, घरात एक ‘विषाचा डबा’ ठेवा. मुलांच्या हाताला लागणार नाही असा, झाकणाचा. त्यात सेल, बटणासारख्या लहान बॅटऱ्या, सीएफएल, पाऱ्याचा थर्मामीटर, जुन्या गोळ्या, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे. हा डबा वर्षातून दोन-तीनदा भरतो. तो पालिकेच्या संकलन केंद्रात किंवा बॅटऱ्या-इलेक्ट्रॉनिक वस्तू परत घेणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराला विचारण्यात संकोच नको. इन्व्हर्टरची आणि रिक्षाची बॅटरी तर गल्लीत फोडणाऱ्याला कधीच देऊ नका. तिच्यात काही किलो शिसे असते. नवी घेताना जुनी दुकानातच परत द्या, पैसेही कमी पडतात.

तिसरी गोष्ट, कचरा जाळू नका, अंगणातही नाही आणि गल्लीच्या कोपऱ्यातही नाही.

चौथी गोष्ट, बकरी ईदची. कुर्बानीनंतरची आतडी, पोटातले शेण, रक्त हा सगळा ओला कचरा. तो प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकला तर शेजाऱ्यांना त्रास होतोच आणि तो कधी खतही होत नाही. पालिका ईदच्या दिवसांत त्यासाठी गाड्या ठेवते, त्यांतच द्या. गावी असाल तर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खोल खड्डा घेऊन पुरा. चटया, थर्माकोल, प्लास्टिकच्या दोऱ्या त्यात जाऊ देऊ नका. प्लास्टिक नसेल तर ती जमीन पुढे झाडाला उपयोगी पडते.

पाचवी गोष्ट, डंपिंगजवळ किंवा डेपोजवळ राहणाऱ्या घरांसाठी. खाण्याच्या भाजीसाठी ढिगाची माती वापरू नका. डब्यातच लावायचे तर बाहेरून आणलेली खात्रीची माती घ्या. जमिनीतच लावावे लागत असेल तर पालेभाजी आणि कंदांऐवजी मिरची, टोमॅटो, भेंडी अशा फळभाज्या लावा, त्यांच्या फळांत धातू कमी उतरतात. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण बरेचसे शिसे पानावरच्या धुळीतून येते. बटाटे, मुळे, गाजरे सोलून घ्या. चपला बाहेर ठेवा, फरशी केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. मुलांच्या जेवणात डाळ, अंडी, दूध, नाचणी असू द्या. पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले की शिसे कमी शोषले जाते. घरातला कुणी भंगाराच्या कामावर जात असेल तर आल्या आल्या कपडे बदलून, हात-तोंड धुऊन मगच मुलांना उचलावे, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. मुलाबद्दल शंका वाटली तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

आणि शेवटची गोष्ट. कचरा वेचणाऱ्या माणसांकडे नाक मुरडून पाहू नका. रोज किती धातू आणि किती प्लास्टिक ते त्या ढिगातून बाहेर काढतात, याचा हिशेब केला तर या शहराच्या मातीवर सर्वांत मोठा उपकार त्यांचाच निघेल. आपण कचरा वेगळा करून दिला, तर त्यांना तो उघड्या हातांनी विषातून वेचावा लागणार नाही.

पुन्हा खालाकडे

त्या शुक्रवारी खालाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या फेरीला मी रिक्षातून दोन गोण्या घेऊन गेले. एकीत नर्सरीची लाल माती, दुसरीत माझ्या गॅलरीतल्या बादलीत झालेले खत. खालाने चिमूटभर खत हातात घेतले, वास घेतला. “अंड्याची टरफलं नीट चुरली नाहीस,” एवढेच म्हणाली.

आम्ही दोघींनी मिळून डबे रिकामे केले. ती काळी माती परत डोंगरावर नेऊन टाकण्यात अर्थ नव्हता आणि गल्लीत ओतायची नव्हती. खालाने तोडगा काढला. एका मोठ्या पिंपात ती सगळी भरली आणि त्यात मोगरा लावला. “फुलं कुणी खात नाही,” म्हणाली. पिंपाचे तोंड जाळीने झाकून घेतले, म्हणजे नातवाचा हात आत जाणार नाही.

आता तिचा पालक माझ्यासारखाच दोन बोटांचा येतो. फोन केला की ती आधी त्याचीच तक्रार करते. काल मात्र म्हणाली, “पुढच्या वेळी येताना अजून एक गोणी खत आण. शेजारणीलाही हवंय. तिचंही पोरगं माती खातं.”

मी शेजारच्या दोन घरांतून भाजीची देठे मागायला सुरुवात केली आहे.